कोट घालून ये

भर जुलैत पाद्री लॉनी जाडजूड हिवाळी कोट घालून हॉबर्टच्या दुकानात उभा होता आणि घामानं निथळत होता. या दुकानात खिळे, मासे धरायचे गळ, गुरांची औषधं आणि बंदुका असं सगळं मिळतं, त्यामुळे सकाळी चार-दोन रिकामटेकडी माणसं तिथं असतातच. त्यांची फुकटात करमणूक झाली. लॉनीला आपल्या खिशातल्या छोट्या रिव्हॉल्व्हरला नवी मूठ बसवून घ्यायची होती, एवढंच. पण मागच्या खोलीत बसून मुठी घडवणाऱ्या आर्विल साइझमोरनं त्याला आदल्या दिवशी परत पाठवलं होतं. ज्या कोटाच्या खिशात हे ठेवणार, तो कोट घालून या. नाहीतर मी हात लावत नाही.

"देवाच्या माणसाला नरकाची चव दाखवतोस होय रे?" लॉनी म्हणाला.

"जानेवारीत कुणाला पुरायला जाल तेव्हा शर्टावर जाल का?" आर्विलनं विचारलं.

त्यानं रिव्हॉल्व्हर उघडून गोळ्यांची पाचही घरं रिकामी असल्याचं आधी स्वतः पाहिलं, मग लॉनीला दाखवलं, आणि ते कोटाच्या खिशात ठेवायला लावलं. काढा. ठेवा. पुन्हा काढा. असं वीस वेळा. बाराव्यांदा मुठीचा कोपरा अस्तराला अडला, तेव्हा आर्विलनं न बोलता कानस उचलली. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "शिंपीदादा, माझ्या विजारीचंही माप घे." माणसं हसली. आर्विल हसला नाही. तो या बाबतीत कधीच हसत नसे, आणि का हसत नाही ते विचारण्याइतका जवळचा माणूस त्याला गावात उरला नव्हता.

तसा आर्विल काही विक्षिप्त म्हणून प्रसिद्ध नव्हता. विक्षिप्त म्हणवून घ्यायलाही माणूस थोडा उठून दिसावा लागतो. आर्विल त्रेसष्ट वर्षांचा, बुटका, खांद्यात वाकलेला. बावीस वर्षं कोळशाच्या खाणीत छताला लाकडाचे टेकू लावायचं काम त्यानं केलं. लाकूड कुठं सोसेल आणि कुठं मोडेल हे त्याला बोटांनी कळायचं. एक दिवस टेकू धरला पण छताचा दुसरा तुकडा खाली आला. दोन बरगड्या गेल्या, आणि छातीत जी धूळ आधीपासून साठली होती तिनं उरलेला दम नेला. त्यानंतर हॉबर्टनं त्याला मागची खोली दिली. अक्रोडाच्या लाकडाचे तुकडे, जवसाच्या तेलाची बाटली आणि खिडकीतून दिसणारा ओढा, एवढ्यावर त्याचं आयुष्य बेतलं होतं. लग्न केलं नाही. करायचं राहूनच गेलं, असं तो म्हणायचा.

मुठीचं काम मात्र नामी. खिशातलं रिव्हॉल्व्हर म्हणजे एवढंसं, पण झटका देतं तो मोठ्यासारखा. दुकानातून आणलेली मूठ सगळ्यांच्या हाताची असते, म्हणजे कुणाच्याच हाताची नसते. आर्विल वैद्यानं नाडी बघावी तसा गिऱ्हाइकाचा हात हातात घ्यायचा. करंगळीला जागा मिळते का, अंगठा कुठं टेकतो, तळव्यात पोकळी राहते का, हे बघायचा. मग घासून-पुसून मूठ हातात द्यायचा आणि एकच प्रश्न विचारायचा, "हाताला बरं वाटतंय का?" पंचक्रोशीत त्याचा हा प्रश्न ठरलेला होता. चार वर्षांपूर्वी त्यानं तो विचारायचं सोडलं. आता तो विचारतो, "निघतं का?" बरं वाटतंय का नाही, याच्याशी त्याला देणंघेणं उरलेलं नाही.

डेल्फा त्याची थोरली बहीण, सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा दहा वर्षांच्या डेल्फानं त्याला कडेवर घेतला तो जवळजवळ उतरवलाच नाही. तो खाणीत जायला लागला तरी त्याच्या डब्यात मक्याची भाकरी आणि शिजवलेला घेवडा तीच भरायची. तिचं लग्न झालं, केंड्रा झाली, नवरा वारला, केंड्रा नोकरीसाठी ओहायोत डेटनला गेली. डेल्फा लॉरेल घळीच्या तोंडाशी आपल्या घरात एकटी राहिली. गोधड्या शिवायची. तिचा टाका इतका बारीक की चष्मा लावून शोधावा लागे. आणि रोज संध्याकाळी घळीतून वर मैलभर चालत जाऊन अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या व्हर्लीला खाऊ घालायची. नात्याची ना गोत्याची. "तिला कोण आहे?" एवढंच तिचं उत्तर.

खाण बंद पडली तशी घळीतली माणसं उठून गेली. जाताना पलंग नेले, चुली नेल्या, कुत्री मात्र मागं ठेवली. दोन-तीन वर्षांत त्या कुत्र्यांचं टोळकं झालं. म्हणून डेल्फा खिशात रिव्हॉल्व्हर ठेवायची. त्याची पातळ अक्रोडी मूठ आर्विलनंच तिच्यासाठी खूप वर्षांपूर्वी घडवली होती. आतल्या बाजूला, जिथं कुणी बघत नाही तिथं, तिच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं होतं.

चार वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये एका सकाळी ती दुकानात आली आणि उजवा तळवा त्याच्यापुढं धरला. अंगठ्याच्या मुळाशी सांधा सुजून बोरासारखा झाला होता.

"आर्विल, हे रिव्हॉल्व्हर कुत्र्यापेक्षा मलाच जास्त मारतं रे. मागच्या आठवड्यात डब्यावर दोन गोळ्या झाडल्या, तर रात्री सुई धरता येईना."

त्यानं खण उघडला. जाड लाकडी मूठ लावून पाहिली. तिच्यावर अंगठा मिटेना. खरबरीत प्लास्टिकची लावली. ती चामडी सोलायची. मग मऊ, जाड रबराची लावली. ती मागच्या पोलादावरूनही चढून बसते, त्यामुळे झटका हाडापर्यंत पोचत नाही. दोघं दुकानामागच्या मातीच्या बांधावर गेली. डेल्फानं पाच गोळ्या झाडल्या आणि मागं वळून लहान मुलीसारखी हसली. "लोण्यात हात घातल्यासारखं वाटतंय," म्हणाली. दुसऱ्या दिवशी वाळवलेल्या सफरचंदांचा सात थरांचा केक घेऊन आली. आर्विलनं तो चार दिवस पुरवून खाल्ला. बहिणीच्या हाताचं दुखणं आपण थांबवलं, या गोष्टीचा त्याला फार आनंद झाला होता. आयुष्यात तिनंच त्याच्यासाठी केलं होतं. एकदाच त्याला तिच्यासाठी काही करता आलं.

मूठ बसवली त्या दिवशी डेल्फाच्या अंगात सुती झगा होता आणि वर एप्रन. कोट घरी कपाटात होता. ऑगस्टात कोटाची आठवण कुणाला येते? आर्विलनं तळवा बघितला, सांधा बघितला, अंगठा बघितला. खिसा बघितला नाही.

जानेवारीच्या मध्यावर व्हर्लीकडं डेल्फा लावायची तो दिवा लागला नाही म्हणून कुणीतरी कळवलं. शेरीफचा माणूस गारलंड घळीत गेला. डेल्फा ओढ्याच्या काठाला सापडली. चावे पायांना होते आणि डाव्या हाताला. डॉक्टर म्हणाला, चाव्यांपेक्षा तिला थंडीनं नेलं, पडल्यावर उठता आलं नाही. उजव्या हातावर ओरखडासुद्धा नव्हता. तो हात खिशात होता.

गारलंड आर्विलचा शाळेतला सोबती. त्यानं आर्विलला एकट्याला गाडीत बसवून सांगितलं. खिसा अर्धा उलटा झाला होता. रबर लोकरी अस्तराला धरून बसलं होतं, अस्तराचा बोळा होऊन चापात गेला होता, आणि डेल्फाची बोटं त्या सगळ्यासकट मुठीवर आवळलेली होती. सोडवायला वेळ लागला, म्हणाला. मग त्यानं आर्विलकडं न बघता विचारलं, "कागदावर एवढं लिहायला हवंच असं नाही. लिहू?"

"नको," आर्विल म्हणाला.

डेल्फाचा तो निळा कोट त्यानंच धुतला. ओढ्याच्या थंड पाण्यात दोनदा. उसवलेला खिसा आत ढकलून काळ्या जाड दोऱ्यानं पुन्हा जागच्या जागी शिवला आणि कोट डेल्फाच्या कपाटात टांगला. जाळावा असं मनात आलं होतं, पण तिची वस्तू जाळणं त्याच्याच्यानं झालं नाही.

आणि मग ती गोष्ट घडली, जिच्यामुळं चार वर्षं त्याच्या घशाखाली घास नीट उतरला नाही. पुरून आल्यावर चर्चच्या बायकांनी जेवण मांडलं होतं. केंड्रा ताट तसंच ठेवून बाहेर आली, त्याच्याजवळ उभी राहिली आणि विचारलं, "मामा, रिव्हॉल्व्हर खिशात होतं म्हणे. आईनं ते काढायला हातसुद्धा उचलला नाही का?" आर्विलनं नकारार्थी मान हलवली. वेळ मिळाला नसेल, पोरी, असं काहीतरी पुटपुटला. "नाही," केंड्रा म्हणाली, "बाबा गेल्यापासून तिचं मन उडालंच होतं. तिला जगायचंच नव्हतं. मी इथं नव्हते ना."

त्या क्षणी तोंड उघडलं असतं तर सगळं वेगळं झालं असतं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुझी आई जिवाच्या आकांतानं ओढत होती आणि मी लावलेली मूठ सुटत नव्हती, हे? आर्विल गप्प बसला. एकदा गप्प बसलं की दुसऱ्या दिवशी बोलणं दुप्पट अवघड होतं, आणि चार वर्षांनी तर विचारूच नका. केंड्रा दर रविवारी फोन करायची. "मामा, जेवलास का? छातीचं औषध घेतोस ना?" त्या फोनसाठी तो रविवारी दुपारी दोनपासून खुर्ची हलवत नसे. त्याचं जगात तेवढंच होतं. तो फोन बंद पडला तर आपण काय करायचं, या भीतीपायी त्यानं त्या पोरीला तिच्या आईबद्दल खोटं मानू दिलं. दुकानात येणाऱ्या परक्यांना मात्र भर उन्हात कोट घालायला लावून वीस-वीस वेळा तपासत राहिला. जिथं पाप घडलं तिथं फेडता येईना, म्हणून दुसरीकडं फेडत होता.

पाद्री घामानं निथळला त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंड्रा परत आली, कायमची. डेटनच्या इस्पितळातली नोकरी सोडून तिनं इकडं घरोघरी जाऊन आजाऱ्यांना बघायचं काम धरलं. म्हणजे याच घळी, हेच ओढे. आल्याच्या तिसऱ्या दिवशी फोनवर म्हणाली, "मामा, आईचं रिव्हॉल्व्हर मी ठेवणार आहे. माझ्या हाताला बसतं का बघशील?"

"कोट घालून ये," आर्विल म्हणाला. सवयीनं तोंडातून निघून गेलं.

ती आली ती डेल्फाचा निळा कोट घालून.

आर्विल खिडकीशी लाकूड घासत होता. दारात निळा रंग दिसला आणि हातातली कानस खाली पडली. केंड्रा चाळिशीला टेकलेली, खांदे आईचे, हातही आईचेच, बोटं आखूड आणि तळवा रुंद. ती म्हणाली, "माझ्याकडं असं डोंगरात हिंडायचा कोटच नाही. हा चांगला आहे अजून." मग तिनं रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं. रबरी मूठ तशीच होती. चार वर्षं कुणी हात लावला नव्हता. खाचांत धूळ बसली होती.

त्यानं ते उघडलं, रिकामं असल्याचं बघितलं, तिला दाखवलं. तो म्हणाला, आधी ही मूठ काढून टाकू, लाकडाची बसवू, मग खिशात ठेव. पण केंड्राला घाई होती. "ही मऊ आहे की. असू दे," म्हणत तिनं ते उचलून खिशात सारलं. "काय ते वीस वेळा काढायचं ना? दुकानात सगळे तुझी चेष्टा करत होते."

तिनं ओढलं. कोटाचा सगळा उजवा भाग हाताबरोबर वर आला. रिव्हॉल्व्हर आतच. तिनं हसून पुन्हा ओढलं, जोरात. अस्तर पिळवटून बाहेर आलं आणि तिच्या मुठीभोवती गुंडाळलं गेलं. तिसऱ्यांदा तिनं ओढलं नाही. डाव्या हातानं अस्तर हळूहळू सोडवलं आणि खिसा बाहेर उलटा करून उजेडात धरला. बाहेर हॉबर्ट कुणाला तरी खिळे मोजून देत होता, त्याचा आवाज येत राहिला.

"हा टाका आईचा नाही," केंड्रा म्हणाली.

आर्विलनं खाली पडलेली कानस उचलून टेबलावर ठेवली.

"आई असा टाका कुत्र्याच्या गोधडीलासुद्धा घालणार नाही. हा काळा दोरा तुझ्या खणात असतो. खिसा कशानं फाटला होता, मामा?"

आर्विल खुर्ची ओढून बसला. त्यानं सांगितलं. ऑगस्टापासून सुरुवात केली, सुजलेला सांधा, रबर, बांधावरच्या पाच गोळ्या, तो केकसुद्धा सांगितला. कोट बघितला नाही हे सांगितलं. गारलंडनं गाडीत काय सांगितलं ते सांगितलं, बोटं सोडवायला वेळ लागला तेही. मध्ये दम लागला तेव्हा थांबला, आणि केंड्रानं त्याला पाणी दिलं नाही. भेटायला यायची तेव्हा नेहमी द्यायची.

"म्हणजे हात खिशात होता," ती म्हणाली.

"होता."

"ओढत होती."

"शेवटपर्यंत ओढत होती, पोरी. खिसा शिवणीसकट उसवला होता. तिला जगायचं होतं."

केंड्रा त्या उलट्या खिशात तोंड खुपसून रडली. उभ्या उभ्याच, आवाज न करता. आर्विलला उठून तिच्याजवळ जावंसं वाटलं, पण आपला हात तिला चालेल की नाही हे त्याला कळेना, म्हणून तो हात गुडघ्यावरच धरून बसला. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले आणि वर बघितलं.

"चार वर्षं मी आईवर रागावून झोपले. थडग्यावर आले तेव्हा फूलसुद्धा धड ठेवलं नाही. आणि रविवारी तुला फोन करून विचारत होते, जेवलास का."

आर्विल म्हणाला, "माझं चुकलं. मूठ लावली ते चुकलंच, पण तुला सांगितलं नाही ते जास्त चुकलं." इतकी वर्षं छातीवर दगड ठेवून जपलेलं वाक्य बाहेर आल्यावर एवढंसंच निघालं.

"लाकडाची बसव," केंड्रा म्हणाली.

तंबाखूच्या जुन्या डब्यात डेल्फाची अक्रोडी मूठ कापडात गुंडाळून ठेवलेली होती. त्यानं रबर काढलं, लाकडाच्या दोन्ही बाजू बसवल्या, स्क्रू आवळला. ती बसवण्यापूर्वी केंड्रानं आतलं अक्षर अंगठ्यानं चाचपून पाहिलं होतं. मूठ तिच्या हाताला घडवल्यासारखी बसली; घासायला जागाच नव्हती. तिनं खिसा आत घातला, रिव्हॉल्व्हर ठेवलं आणि काढलं. सरळ निघालं. पुन्हा ठेवलं, काढलं. आर्विल मनात मोजत होता. वीस झाले. ती थांबली नाही. गुळगुळीत लाकूड अस्तरावरून सुळकन येत होतं, दर वेळी, आणि दर वेळी तिचा चेहरा जास्तच वेडावाकडा होत होता. तिसाच्या पुढं आर्विलनं मोजणं सोडून दिलं आणि मान खाली घातली.

मग ती दोघं मागच्या बांधावर गेली. गवतावर हिमाचा पांढरा थर होता. केंड्रानं पाच गोळ्या भरल्या आणि झाडल्या. चौथीला तिचा हात चांगलाच मागं फेकला गेला. पाचवी झाल्यावर तिनं रिव्हॉल्व्हर उघडून पुंगळ्या खाली पाडल्या, ते रिकामं केलं आणि तळवा उघडला. अंगठ्याच्या मुळाशी लालभडक झालं होतं.

"हाताला बरं वाटतंय का?" आर्विलनं विचारलं. चार वर्षांत पहिल्यांदा.

"दुखतंय," ती म्हणाली. "आईला असंच दुखायचं?"

"तिला जास्त. तिचा सांधा सुजलेला होता."

केंड्रानं तळव्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"तू तिचं दुखणं थांबवायला गेलास. मला कळतं ते. तुझा काही दोष नाही, असं कधीतरी मला म्हणता आलं पाहिजे, मामा." ती थांबली. "आज नाही म्हणता येत."

तिनं रिव्हॉल्व्हर खिशात ठेवलं आणि बांधाच्या कडेनं गाडीकडं गेली. निळा कोट अक्रोडाच्या झाडांआड जाईपर्यंत आर्विल बघत होता. मग तो वाकला आणि गवतातून एकेक करून पाचही पुंगळ्या वेचल्या.

रविवारी दुपारी दोन वाजता तो खुर्चीत बसला. चार वाजले, पाच वाजले, डोंगरामागं सूर्य गेला. फोन वाजला नाही. पुढच्या रविवारी तो पुन्हा दोनलाच बसला.